सूत कुणाचं, नाव कुणाचं

सेयदू केइटा यांनी १९४८ साली मालीतल्या बामाकोत फोटो स्टुडिओ थाटला, तेव्हा पाठीमागचा पडदा म्हणून स्वतःचा पलंगपोस टांगला. पुढे दोन-तीन वर्षांनी ते पडदा बदलत. कुठला फोटो कुठल्या सालचा, हे उतारवयात ते पडद्याच्या नक्षीवरून सांगत. फोटोला येणाऱ्या बायका ठेवणीतले कपडे घालून येत. नक्षीच्या पडद्यापुढे नक्षीचा झगा, डोक्याला नक्षीचंच फडकं, आणि त्या साऱ्या दाटीतून कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारा चेहरा. स्टुडिओत घड्याळं, रेडिओ, स्कूटर, युरोपीय सूट असा सरंजाम असे. ज्याला जे रूप हवं ते त्यानं घ्यावं. आफ्रिकेतली आजची फॅशन आणि आजची दृश्यकला यांच्यावर वेगवेगळे लेख का लिहिता येत नाहीत, ते या फोटोंकडे पाहिलं की कळतं.

याच केइटांचे काही फोटो १९९१ साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात लागले, तेव्हा छायाचित्रकार ‘अज्ञात’ अशी नोंद होती. हा अज्ञात माणूस तेव्हा बामाकोत हयात होता. पॅरिसहून त्याचा शोध घेतला गेला आणि १९९४ मध्ये तिथल्या कार्तिए प्रतिष्ठानात त्याचं स्वतंत्र प्रदर्शन झालं. त्यानंतर चित्र झपाट्यानं पालटलं. नायजेरियात जन्मलेल्या ओक्वी एन्वेझोर यांनी जर्मनीतलं २००२ चं ‘डॉक्युमेंटा’ हे कलाप्रदर्शन रचलं. बामाकोच्याच मालिक सिदिबे यांना २००७ मध्ये व्हेनिस बिएनालेचा जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. केपटाऊनमध्ये धान्याच्या जुन्या कोठारात २०१७ साली झाइट्झ कलासंग्रहालय उघडलं. पुढे त्याच्या संचालक झालेल्या कोयो कुओ यांच्याकडे २०२६ च्या व्हेनिस बिएनालेची सूत्रं आली, पण मे २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं. ‘अज्ञात’ ही पाटी आता कुणी लावू धजणार नाही. आफ्रिकी कलावंताला नाव मिळालं आहे. नावामागोमाग यायला हवी ती जमीन, म्हणजे गिरण्या, शाळा, संग्रहालयं आणि घरचा ग्राहक, ही मात्र फार ठिकाणी अजून आलेली नाही. या कलांच्या वाढीचं मोजमाप मला तिथे करावंसं वाटतं.

सगळ्यांच्या ओळखीच्या ‘आफ्रिकी’ कापडापासून सुरुवात करू. भडक रंगांचं, मोठ्या नक्षीचं वॅक्स प्रिंट. त्याचा जन्म जावा बेटावरच्या बाटिकची यंत्रावर नक्कल करण्याच्या डच खटपटीतून झाला. हेल्मोंड गावातली व्हिलिस्को कंपनी १८४६ पासून आहे. तिचा माल पश्चिम आफ्रिकेत इतका रुजला की टोगोच्या लोमे शहरातल्या कापडविक्रेत्या बायका मर्सिडीज बाळगण्याइतक्या श्रीमंत झाल्या आणि ‘नाना बेन्झ’ म्हणून ओळखल्या गेल्या. शिल्पकार यिंका शोनिबारे यांनी हेच कापड व्हिक्टोरियन घाटाच्या पोशाखांत शिवून बिनडोक्याच्या पुतळ्यांवर चढवलं. उलट, मूळचे कॅमेरूनचे इमान अयिस्सी वॅक्सला हातही लावत नाहीत. २०२० च्या जानेवारीत पॅरिसच्या ‘ओत कुतुर’ सप्ताहात त्यांनी संग्रह मांडला. तिथे स्थान मिळवणारे ते सहाराच्या दक्षिणेकडचे पहिले डिझायनर. हातमागावरचं केंटे, राफिया, झाडाच्या सालीचं वस्त्र ही त्यांची सामग्री.

अयिस्सींचा निग्रह मला मोलाचा वाटतो, पण शुद्धतेच्या कारणासाठी नव्हे. परकं कापड आपलंसं करण्याची विद्या आफ्रिकेत जुनी आहे. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातले कलाबारी लोक पिढ्यान्‌पिढ्या मद्रासचं चौकड्यांचं सुती कापड घेत आले. त्यातले ठरावीक धागे त्यांच्या बायका पात्यानं कापून उपसून काढतात आणि चौकड्यांतून नवी, जाळीदार नक्षी उभी करतात. हे ‘पेलेते बिते’ पाहिल्यावर ते कापड भारतीय म्हणायला जीभ रेटत नाही. मूळ कुठलं हा वाद तिथे मिटतो. उरतो प्रश्न पैशाचा: नक्षी अंगावर मिरवणारा एक आणि नफा मोजणारा दुसरा, असं किती काळ?

तो प्रश्न हातात धरून एल अनात्सुई यांच्याकडे जावं. घानाच्या एवे भागात, केंटे विणणाऱ्या घरात १९४४ मध्ये त्यांचा जन्म झाला. १९७५ पासून त्यांनी नायजेरियाच्या न्सुका विद्यापीठात शिल्पकला शिकवली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दारूच्या बाटल्यांच्या ॲल्युमिनियमच्या बुचांनी भरलेली एक पिशवी त्यांना सापडली. बुचं चेपायची, दुमडायची, तांब्याच्या तारेनं एकमेकांत गुंफायची. हजारो बुचांचं ते धातूचं वस्त्र भिंतीवर सोडलं की त्याला चुण्या पडतात. ज्या दारूच्या मोबदल्यात कधीकाळी माणसं विकली गेली, तिच्याच व्यापाराचा हा कचरा आहे, हे जवळ गेल्यावर उमगतं. चुण्या कशा पाडायच्या हे अनात्सुई मांडणी करणाऱ्यावर सोडतात, त्यामुळे एकच कृती दर ठिकाणी वेगळी दिसते. २०१५ मध्ये त्यांना व्हेनिसचा जीवनगौरव मिळाला; २०२३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नचं टर्बाइन सभागृह त्यांच्या पडद्यांनी भरलं. पण यातलं सर्वांत महत्त्वाचं काम मला न्सुकाचं वाटतं. तारा ओवणारे हात तिथले होते, शिकणारी मुलं तिथली होती, आणि कीर्ती आल्यावरही हा माणूस वर्षानुवर्षं तिथून हलला नाही.

त्यांच्या नंतरच्या पिढीतल्या इब्राहिम महामांनी हा धडा आणखी पुढे नेला. आशियात विणलेली तागाची पोती घानात कोको भरायला येतात, मग धान्याला, मग कोळशाला वापरली जातात. ही जीर्ण बारदानं शिवून महामांनी अख्ख्या इमारती झाकल्या. २०१५ साली व्हेनिसच्या जुन्या जहाजगोदीतल्या लांबलचक वाटेच्या दोन्ही भिंतींवर ती चढली. विक्रीचा पैसा त्यांनी उत्तर घानातल्या तमाले या आपल्या गावी आणला. २०१९ मध्ये तिथे कलाकेंद्र उघडलं, शेजारी ‘रेड क्ले’ नावाचा परिसर उभा राहिला, भंगारात निघालेली विमानं मुलांच्या वर्गखोल्या झाली. घानातल्या कलेच्या वाढीचा पुरावा मागणाऱ्याला मी लिलावाच्या याद्यांऐवजी तमालेचा पत्ता देईन.

लिलावाच्या याद्या काय सांगतात तेही पाहू. अक्राचे अमोआको बोआफो बोटांनी रंग फिरवून माणसांचे चेहरे रंगवतात. त्यांचं एक चित्र फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनला ३० ते ५० हजार पौंडांच्या अंदाजावर लिलावात आलं आणि ६,७५,००० पौंडांना गेलं. चित्र विकणारा दुसराच कुणी होता. अशा उलाढालीतलं कलावंताच्या पदरात फारसं पडत नाही. पाठोपाठ दिओरनं त्यांची चित्रं कपड्यांवर उतरवली. मग काळ्या माणसाचं व्यक्तिचित्र ही सटोडियांची जिन्नस झाली, कोवळ्या वयाच्या चित्रकारांकडून एकाच धर्तीची कामं काढून घेतली गेली, आणि हौस ओसरल्यावर भाव कोसळले. या लाटेतली पुष्कळ चित्रं टिकणार नाहीत, असं माझं मत आहे. बोआफो सावध निघाले. २०२२ मध्ये त्यांनी अक्रातच इतर कलावंतांसाठी निवासी स्टुडिओ उघडला.

फॅशनची अडचण याहून बिकट आहे, कारण तिला कारखाना लागतो. प्रतिभेची वाण नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीत जन्मलेल्या थेबे मागुगूंनी २०१९ मध्ये तरुण डिझायनरांसाठीचं एलव्हीएमएच पारितोषिक मिळवलं, आफ्रिकेतून पहिल्यांदाच. वर्णद्वेषी राजवटीच्या काळात हेरगिरी केलेल्या स्त्रियांशी बोलून त्यांनी २०२१ चा संग्रह रचला. कपड्यातून इतिहास लिहिण्याचा इतका गंभीर प्रयत्न पॅरिसच्या बड्या घराण्यांतही क्वचितच दिसतो. लागोसचा फॅशन सप्ताह २०११ पासून भरतो आहे. पण युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालातले आकडे शेजारी ठेवा: ५४ पैकी ३७ देशांत कापूस पिकतो, तरी कापड, कपडे आणि पादत्राणं मिळून खंडाची वार्षिक निर्यात १५.५ अब्ज डॉलर आणि आयात २३.१ अब्ज. उत्तर नायजेरियातलं कडुना हे गिरण्यांचं शहर होतं. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. गिरणगाव पाहिलेल्या वाचकाला त्यापुढचं सांगायला नको. अक्राच्या कांटामांटो बाजारात दर आठवड्याला श्रीमंत देशांनी टाकलेले सुमारे दीड कोटी कपडे उतरतात, असा तिथे काम करणाऱ्या एका संस्थेचा अंदाज आहे. जुन्या कपड्यांना अटकाव करायचं पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी ठरवलं, तेव्हा अमेरिकेच्या व्यापारी दबावापुढे बाकीचे नमले. रवांडा अडून राहिला, आणि २०१८ मध्ये त्याच्या तयार कपड्यांची करमुक्त सवलत अमेरिकेनं काढून घेतली. एवढ्या जोखडाखाली कुठला डिझायनर केवळ प्रतिभेवर तगेल?

तरीही एक जण तगला आहे. दक्षिण आफ्रिकेच्या खोसा समाजातले तरुण दीक्षाविधी उरकून परतले की जुने कपडे देऊन टाकतात आणि काही महिने नव्या, रुबाबदार पोशाखात वावरतात. त्यासाठी ते परदेशी नमुन्यांचे स्वेटर विकत घेतात, हे लादुमा न्गोकोलो यांना विद्यार्थिदशेत खटकलं. त्यांनी आपल्या लोकांच्या मणीकामातली नक्षी लोकरीत विणली. जगातली निम्म्याहून अधिक मोहेर लोकर दक्षिण आफ्रिकेत निघते; लोकर घरची, नक्षी घरची, आणि घालणाराही घरचा. ‘माखोसा’ची दुकानं आज दक्षिण आफ्रिकेच्या शहरांत आहेत. न्यूयॉर्कलाही त्यांचे स्वेटर जातात, पण ते आधी विणले गेले ते खोसा माणसांसाठी.