ब्राउझरमधील मजकूर-चौकट आणि बाहेरचा एडिटर : एक चिकित्सा

लेखनाचे साधन आणि लेखन सादर करण्याचे स्थान या दोन भिन्न गोष्टी होत. कागदावर लिहिणाऱ्यास हा भेद सांगावा लागत नसे. लेखणी त्याची स्वतःची असे, आणि अर्जाचा नमुना कचेरीचा. ब्राउझरमधील मजकूर-चौकटीने मात्र दोहोंना एकत्र बांधले. जेथे मजकूर द्यावयाचा तेथेच तो रचावयाचा, आणि तोही चौकट पुरवील तेवढ्याच साधनांनी, असा परिपाठ पडला. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीत अनेक ओळींच्या मजकुरासाठी 'टेक्स्टएरिया' हा घटक नमूद आहे. चार ओळींचा अभिप्राय घेण्यास तो पुरेसा होता. पुढे विश्वकोशातील दीर्घ नोंदीही त्याच चौकटीत लिहिल्या जाऊ लागल्या, आणि तिचे अपुरेपण उघडे पडले.

यावर काढलेला उपाय असा, की चौकटीतील मजकूर बाहेरच्या एडिटरकडे सोपवावा आणि संस्कार झाल्यावर परत घ्यावा. ही कल्पना नवी नव्हे. युनिक्स परंपरेतील अनेक कार्यक्रम मजकूर लिहून घेण्याची वेळ आली, की वापरणाऱ्याने निवडलेला एडिटर उघडून देतात. फायरफॉक्ससाठीच्या 'इट्स ऑल टेक्स्ट!' या विस्तारकाने हीच रीत ब्राउझरात आणली. चौकटीतील मजकूर तात्पुरत्या फाइलीत उतरवावा, त्या फाइलीवर एडिटर चालवावा, आणि फाइल जतन होताच तिचा पाठ चौकटीत परत आणावा, एवढेच त्याचे कार्य होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सच्या ५७व्या आवृत्तीने जुन्या पद्धतीचे विस्तारक बंद केले व त्याबरोबर हाही निकामी झाला. त्याची जागा 'टेक्स्टर्न', 'घोस्टटेक्स्ट', 'फायरनव्हिम' इत्यादींनी घेतली.

या साधनांचे समर्थक बहुधा दोन लाभ सांगतात: सवयीच्या कळांनी काम वेगाने होते, आणि पान बंद पडले तरी मजकूर हाती राहतो. दोन्ही खरे आहेत. परंतु मराठीच्या अभ्यासकास याहून महत्त्वाचा लाभ निराळाच आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे शब्द घ्या. एक समुद्र, दुसरे 'दरी'चे अनेकवचन. भेद केवळ रफार व आडव्या रकाराचा. हा आडवा रकार युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी लिहिला जातो: 'ऱ' या स्वतंत्र वर्णास हलन्त जोडून, अथवा साध्या 'र'ला हलन्त व त्यापुढे शून्य रुंदीचा अदृश्य जोडक देऊन. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच दिसतात. युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एक करीत नाही. परिणामी शब्द मोजणारा साधा कार्यक्रम एका शब्दाचे दोन शब्द करतो. शब्दसंग्रहावर आधारलेल्या संशोधनात हा दोष क्षुल्लक म्हणता येणार नाही.

मजकूर-चौकट हा भेद दाखवीत नाही. ईमॅक्स किंवा व्हिममध्ये मात्र कर्सरखालील वर्णाचा संकेतांक विचारता येतो, आणि एका आज्ञेने सर्व पाठातील एक रूप दुसऱ्यात बदलता येते. म्हणजे बाहेरच्या एडिटरने लेखन केवळ सुकर होत नाही. ते तपासण्याजोगे होते. त्याचे खरे मूल्य येथे आहे.

तथापि दोषांकडे डोळेझाक करून चालणार नाही. पहिला दोष असा, की एकच पाठ दोन ठिकाणी नांदतो. एडिटर उघडा असता चौकटीतही फेरफार केला, तर साध्या फाइल-पद्धतीत नंतर जतन केलेला पाठ आधीचा पुसून टाकू शकतो. दुसरा असा, की ठळक-तिरपी अक्षरे दाखविणाऱ्या चौकटींचा मजकूर बाहेर नेला, की एक तर त्याची सजावट गळते किंवा खुणांची गर्दी समोर येते. तिसरा सुरक्षिततेचा: ब्राउझरला यंत्रावरील अन्य कार्यक्रम चालविण्याची वाट मोकळी करून द्यावी लागते, आणि ती वाट विश्वासाच्या विस्तारकासच द्यावी. चौथा दोष आपल्या लिपीपुरता आहे. समान रुंदीच्या घरांत अक्षरे बसविणाऱ्या टर्मिनल-धाटणीच्या एडिटरांत देवनागरी जोडाक्षरे नीट बसत नाहीत. रोमन लिपीत लिहिणाऱ्याने केलेली शिफारस म्हणूनच आपण जशीच्या तशी स्वीकारू नये. स्वतंत्र खिडकीत चालणारा, देवनागरीची जुळणी बरोबर करणारा एडिटर निवडावा.

सारांश, दोन ओळींच्या उत्तरासाठी हा खटाटोप व्यर्थ होय. परंतु जो पाठ पुढे कोशात, संग्रहात किंवा संशोधनात जावयाचा आहे, तो ज्यात त्याचे वर्ण तपासता येत नाहीत अशा चौकटीत रचणे हा निष्काळजीपणाच म्हटला पाहिजे. चौकट ही मजकूर स्वीकारण्याची खिडकी आहे. तिला लिहिण्याचे मेज मानण्याची सवय अभ्यासकाने तरी सोडावी.