एन्फील्डचें काडतूस आणि प्रयोगाचें प्रामाण्य

जुन्या बंदुका हातानें वळलेलीं काडतुसें भरून चालवून पाहावयाच्या व त्यांवरून इतिहासांतील वादग्रस्त प्रश्नांचा निर्णय करावयाचा, अशी एक संशोधनपद्धति युरोप-अमेरिकेंत गेल्या अर्धशतकांत बरीच रूढ झाली आहे. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल ही या प्रयोगकर्त्यांच्या विशेष आवडीची. ब्रेट गिबन्स या अमेरिकन ग्रंथकाराचें ‘दि इंग्लिश कार्ट्रिज’ हें २०२० सालीं प्रसिद्ध झालेलें पुस्तक तर या रायफलीच्या काडतुसालाच वाहिलेलें आहे. ज्या काडतुसाचें नांव १८५७ च्या उठावाशीं कायमचें जोडलें गेलें, त्याच्या या चिकित्सेची आपल्याकडील अभ्यासकांनीं उपेक्षा करूं नये. परंतु अशा प्रयोगांवरून जे सिद्धांत काढण्यांत येतात, त्यांपैकीं ग्राह्य कोणते व त्याज्य कोणते, याची छाननी झाल्यावांचून ते स्वीकारणेंही बरें नव्हे. ती छाननी येथें संक्षेपानें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम मूळ वस्तु काय होती तें पाहूं. या रायफलीच्या नळीचा आंतील व्यास ०.५७७ इंच, लांबी ३९ इंच. आंत तीन खोबणी असून त्यांचा एक पूर्ण वेढा ७८ इंचांत होई. १८५७ सालीं प्रचारांत असलेली गोळी ०.५६८ इंच व्यासाची व सुमारें ५३० ग्रेन वजनाची होती. दारू अडीच ड्राम, म्हणजे सुमारें ६८ ग्रेन. काडतूस म्हणजे कागदाची एक सुरळी. तिच्या एका अंगास दारू व दुसऱ्या अंगास गोळी. गोळीकडील टोंक बाहेरून वंगणांत बुडविलेलें. शिपायानें दारूकडील पीळ दिलेलें टोंक दांतांनीं तोडावें, दारू नळींत ओतावी, काडतूस उलटें करून वंगणाचें टोंक नळीच्या तोंडांत बसवावें, वर राहिलेला रिकामा कागद फाडून टाकावा आणि गोळी तिच्याभोंवतींच्या कागदासह गजानें तळाशीं लोटावी, असा क्रम होता.

हा क्रम हातानें करून पाहिल्यावर कांहीं गोष्टी निर्विवाद सिद्ध होतात, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करितों. वंगण ही चैन नव्हती. तें नसेल तर थोड्याच बारांनंतर नळींत काजळीचा कठीण थर बसतो व पुढची गोळी आंत लोटणें दुष्कर होतें. प्रयोगकर्त्यांचा हा अनुभव तत्कालीन कागदपत्रांशीं पूर्णपणें जुळतो. हिंदुस्थानांतील उन्हाळ्यांत रायफल भरणें अवघड जातें अशा तक्रारी १८५७ सालींच झाल्या, आणि पुढें १८५९ मध्यें गोळीचा व्यास ०.५५ इंचापर्यंत कमी करण्यांत आला. जेथें प्रत्यक्ष व लेख यांचा असा संवाद होतो, तेथें शंकेस जागा नाहीं. वंगणाचा उपयोग केवळ शिपायांचा धर्म बुडविण्यासाठींच योजिला होता, हें मत या एका प्रयोगानेंच बाधित होतें.

वाद येथून पुढें आहे. काडतूस वळणाऱ्याच्या सहज ध्यानांत येतें कीं, दांतांनीं तोडावयाचें टोंक दारूकडचें व वंगण लावलेलें टोंक गोळीकडचें. तेव्हां ओंठांस वंगणाचा स्पर्श होण्याचें कारणच नाहीं. एवढ्यावरून शिपायांची भीति निराधार होती, असा युक्तिवाद आमच्या वाचनांत व ऐकण्यांत वारंवार येतो. वरवर पाहतां तो बिनतोड दिसतो. न्यायशास्त्राच्या परिभाषेंत बोलावयाचें तर हें अनुमान सोपाधिक आहे. अग्नि आहे म्हणून तेथें धूर असलाच पाहिजे, असें कोणीं म्हटलें तर नैयायिक विचारतो कीं, सरपण ओलें आहे काय? तो ओलेपणा म्हणजे उपाधि. येथेंही असेंच विचारिलें पाहिजे: प्रयोगांतील काडतूस व १८५७ चें काडतूस यांस लावलेलें वंगण एकच होतें काय?

तें एक नव्हतें. आज काडतूस वळणारा बहुधा मेणाचा भाग अधिक असलेलें मिश्रण घेतो. पांच भाग मेण व एक भाग चरबी हें जें प्रमाण आज आदर्श मानितात, तें त्या वर्षाच्या अनुभवानंतर रूढ झालेलें आहे. आरंभीं चरबीचा भाग फार मोठा असे. मधमाशांचें मेण ६२ ते ६४ अंश सेंटिग्रेडला वितळतें. जनावराची चरबी ४० ते ४५ अंशांच्या आसपासच पातळ होऊं लागते. दहा-दहा काडतुसांचीं पुडकीं बांधून पेटींत ठेविलीं व पेटी उन्हाळ्यांत गाडीवर चालली, म्हणजे एका टोंकाची चरबी दुसऱ्या टोंकापर्यंत झिरपण्यास अडचण कसली? अर्थात् डमडम येथें प्रथम कुजबूज झाली ती जानेवारीच्या थंडींत. तिला हें कारण लावतां येणार नाहीं. परंतु मार्च १८५७ मध्यें अंबाला येथें सरसेनापति जनरल ॲन्सन यांनीं काडतुसें स्वतः पाहिलीं, आणि त्यांवरील वंगणाचा थर पाहतां शिपायांच्या आक्षेपाचें आपणांस आश्चर्य वाटत नाहीं, असें गव्हर्नर जनरलास कळविलें. ही साक्ष शिपायांच्या पक्षपात्याची नव्हे. आजचीं बेताच्या वंगणाचीं नीटनेटकीं काडतुसें पाहून तिचें खंडन करूं पाहणें म्हणजे चित्रावरून मूळ माणसास खोटें ठरविणें होय. शिवाय स्पर्शदोष मानणाऱ्यास ओंठ कोरडे राहिले एवढ्यानें समाधान होत नाहीं. वंगणाचें टोंक नळींत बसवितांना तें बोटांत धरावेंच लागे.

दारूचेंही तसेंच आहे. शोरा, कोळसा व गंधक यांचें ७५:१५:१० हें इंग्रजी प्रमाण आज सर्वांस ठाऊक आहे. पण कोळसा कोणत्या लांकडाचा, दाणा केवढा, दमटपणा किती, यांवर काजळी अवलंबून असते. आजची विकत मिळणारी दारू व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पार्कर-हेल कंपनीनें केलेल्या प्रतिकृति घेऊन काढलेला आंकडा हा त्या सामुग्रीचा आंकडा होय. या बाबतींत ऑस्ट्रियांतील ग्राझ येथें १९८८-८९ सालीं झालेले प्रयोग अनुकरणीय वाटतात. तेथील शस्त्रागारांतल्या अस्सल जुन्या बंदुका चौकटींत घट्ट बसवून विजेनें उडविण्यांत आल्या व गोळीचा वेग, भेदशक्ति आणि नेम मोजण्यांत आला. माणसाचा हात वगळला असल्यामुळें हे आंकडे शस्त्राच्या सामर्थ्याचे आहेत, रणांगणावरील शिपायाच्या नेमाचे नव्हेत, ही मर्यादा तेथें पाळली गेली.

याहून मोठा आक्षेप निराळाच आहे. ज्या प्रसंगांनीं उठावास तोंड लागलें, त्यांपैकीं दोन मुख्य प्रसंगीं एन्फील्डचें काडतूस हातीं दिलेंच नव्हतें. २६ फेब्रुवारी १८५७ रोजीं बहरामपूर येथें १९ व्या पलटणीनें जीं काडतुसें घेण्याचें नाकारिलें, तीं जुन्या साध्या बंदुकीचीं होतीं. त्यांचा कागद निराळा दिसला एवढेंच संशयाचें निमित्त. २४ एप्रिल रोजीं मीरत येथें तिसऱ्या रिसाल्याच्या नव्वदांपैकीं पंच्याऐंशी स्वारांनीं नाकारलेलीं काडतुसेंही जुन्याच प्रकारचीं होतीं. त्यांनाच ९ मे रोजीं बेड्या पडल्या व १० मे रोजीं मीरत पेटलें. मग एन्फील्डचीं सहस्रावधि काडतुसें वळून उडविलीं तरी मीरतचें कोडें कसें सुटणार?

येथें प्रश्न वस्तूचा राहत नाहीं, विश्वासाचा होतो. जानेवारीच्या अखेरीस शिपायांस वंगण स्वतः तयार करण्याची मुभा मिळाली. मार्चमध्यें दांतांऐवजीं हातानें कागद फाडण्याची कवाईत आली. प्रयोगानें पाहतां हे दोन्हीं उपाय पूर्ण यशस्वी आहेत: हातानें फाडलेल्या काडतुसानें बार तसाच उडतो. तरीही संशय निवाला नाहीं, उलट वाढला. कारण दोष नव्हता तर रीत कां बदलली, असें मनांत आलेल्या माणसास कोणता बार समजावणार? हें मन कळावयाचें तें शब्दप्रमाणानेंच. जॉर्ज फॉरेस्ट यांनीं १८९३ मध्यें प्रसिद्ध केलेले सरकारी कागद, त्यांच्या आधारें लॉर्ड रॉबर्ट्स यांनीं १८९७ सालीं दिलेली आक्षेपार्ह चरबीची कबुली, आणि आपल्या विष्णुभट गोडशांनीं महूच्या वाटेवर शिपायांच्या तोंडून ऐकलेली काडतुसांची हकीकत, हीं त्या प्रमाणाचीं अंगें होत. गोडशांची हकीकत चरबीचें पृथक्करण म्हणून निरुपयोगी. पण ती वार्ता कोणत्या रूपानें मुलुखभर फिरत होती याचा तिच्याएवढा चांगला पुरावा कोणत्याही चांदमारीच्या मैदानावर मिळणार नाहीं.

तेव्हां प्रयोग नकोत, असा आमचा अभिप्राय नाहीं. उलट ते अधिक कसोशीनें व्हावेत. गुरांच्या चरबीचें प्राधान्य असलेलें वंगण घ्यावें. काडतुसें पुडक्यांत बांधून कांहीं महिने ठेवावीं. वैशाखांतील दोआबाच्या उष्णतेंत तीं उघडून चरबी कागदांत कोठवर चढली तें मोजावें. असा प्रयोग झाला तर ॲन्सन यांनीं जें पाहिलें त्याचा अर्थ अधिक स्पष्ट होईल, आणि ‘ओंठांस स्पर्श होत नव्हता’ या विधानाची योग्यताही कळेल. काडतूस कसें उडत होतें, हें प्रयोगानें सांगावें. शिपाई तें हातांत कां घेईना, हें मात्र त्या काळच्या माणसांसच विचारावें लागेल.