परीक्षेचा उतारा आणि नाटकाचा अर्थ

नाट्यशिक्षण हा मध्यम वर्गाच्या घरांत आतां केवळ थट्टेचा विषय राहिलेला नाहीं. दिल्लीचें राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ सालीं निघालें. पुण्यास प्रभात कंपनीच्या जुन्या आवारांत चित्रपटशिक्षणाची संस्था १९६० सालीं उभी राहिली. आणि पुणे विद्यापीठांत ललित कला केंद्र १९८७ पासून चालू आहे. अशा ठिकाणीं प्रवेश इच्छिणाऱ्या मुलामुलींस अभिनयाची चांचणी, म्हणजे ऑडिशन, द्यावी लागते, व तीसाठीं बहुधा एखादा नाट्यउतारा बसवावा लागतो. या तयारीचा विचार वाङ्मयाच्या मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, उतारा निवडणें ही मूळचीच टीकाकाराची कृति आहे. नाटकांतून चार मिनिटें वेगळीं काढणारा विद्यार्थी त्या नाटकाविषयीं आपलें मतच परीक्षकांपुढें ठेवीत असतो.

हें मत पुष्कळदां उसनें असतें. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ (१९७०) मधील आप्पासाहेब बेलवलकरांचें स्वगत हें याचें ठळक उदाहरण होय. वीस वर्षांचा तरुण पाठींत वांकतो, आवाज कांपवितो, आणि वार्धक्याचें दुःख आपण दाखविलें असें समजतो. परंतु त्या स्वगताचें मर्म वार्धक्यांत नाहीं. सर्व आयुष्य दुसऱ्यांच्या शब्दांत बोलण्यांत गेलेल्या नटावर जेव्हां स्वतःचें संकट कोसळतें, तेव्हांही त्याच्या तोंडीं हॅम्लेटच्याच चिंतनाचा प्रतिध्वनि येतो. हें दुःख खरें कीं ही शेवटची भूमिका, हा प्रश्न तेथें उभा राहतो. डॉ. श्रीराम लागूंनीं ही भूमिका प्रथम उभी केली, आणि तिच्या ध्वनिचित्रणांची नक्कल आज घरबसल्या करतां येते. नकलेंत स्वर येतो, कंप येतो; तो प्रश्न तेवढा येत नाहीं.

दुसरें उदाहरण तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मधील लीला बेणारेच्या अखेरच्या निवेदनाचें. मुली हा उतारा हमखास घेतात, आणि त्यांतील संताप परीक्षकांच्या अंगावर फेकतात. आतां नाटकांतील योजना पाहा. खेळांतल्या कोर्टानें बेणारेस बोलण्यास वेळ दिला आहे. ती बोलते तेव्हां बाकीचीं पात्रें जागच्या जागीं थिजलेलीं असतात. आणि निवेदन संपल्यावर कोर्टाचें काम असें पुढें चालूं होतें कीं, जणूं ती कांहीं बोललीच नाहीं. म्हणजे रंगमंचावर हें भाषण कोणीही ऐकत नाहीं. ऐकतों ते आपण प्रेक्षक, आणि आपणांस मध्यें पडतां येत नाहीं. त्याची सारी भेदकता या न ऐकिलें जाण्यांत आहे. मागचें कोर्ट मनांत उभें न करतां तेंच भाषण केलें, तर तें कोणाही संतप्त स्त्रीचें गाऱ्हाणें होतें.

यावर आक्षेप येईल कीं, परीक्षकास वेळ थोडा. त्यांत आवाज, उच्चार आणि भावना दाखवावयाच्या, तर वादळी स्वगतच घेणें शहाणपणाचें. आक्षेपांत तथ्य आहे, पण तें अपुरें आहे. दिल्लीच्या विद्यालयांत प्राथमिक चांचणींतून निवडलेल्यांची कांहीं दिवसांची कार्यशाळा घेऊन मग अंतिम निवड होते. पाठ केलेलें वादळ तेथें फार वेळ पुरत नाहीं. ‘ही बाई आतां कोणाशीं बोलत आहे?’ एवढ्या एका प्रश्नानें शिकवणीचा डोलारा खालीं येतो.

मग घ्यावें काय? एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’कडे पाहावें. तेथील रंजू सिनेमाच्या वेडानें झपाटलेली आहे. शिकविणाऱ्या मास्तराबरोबर ती मुंबईस पळून जाते, आणि घरचे दागिनेही तिच्याबरोबर जातात. तिच्या वांट्यास दीर्घ स्वगताचें वैभव नाहीं. पण अठरा वर्षांच्या मुलीस हें वेड स्वतःच्या अनुभवावरून तपासतां येईल. त्यांतील हास्यास्पदता व करुणा दोन्ही दाखवितां येतील. वयाशीं आणि अनुभवाशीं इमान राखणारी लहान भूमिका ही उसन्या मोठ्या भूमिकेहून अधिक बोलते.

चित्रपटाच्या विद्यार्थ्यानें जमविलेल्या कामाच्या संग्रहास, ज्यास पोर्टफोलिओ म्हणतात, हाच न्याय लागूं आहे. सूर्यास्ताचीं पन्नास छायाचित्रें संगीताच्या साथीनें दाखविण्यापेक्षां आपल्याच गल्लींतील पिठाच्या गिरणीचीं पांच चित्रें, पहांटेपासून दिवेलागणीपर्यंत धीरानें घेतलेलीं, त्याची दृष्टि अधिक स्पष्ट करतील. काय वगळलें, यावरूनच पाहणाऱ्याची पारख होते.

आईबापांनीं म्हणून शिकवणीची फी भरण्यापूर्वीं मुलास एवढेंच विचारावें: ज्या नाटकांतला हा उतारा, तें नाटक तूं पहिल्या अंकापासून वाचलें आहेस काय? उत्तर नकारार्थी असल्यास आधीं ग्रंथालयाची वाट दाखवावी. तेथें वेळ दिल्यानें प्रवेश मिळेलच असें नाहीं. जागा थोड्या आणि उमेदवार फार. परंतु प्रवेश न मिळालेल्या मुलाजवळही एक संपूर्ण नाटक समजल्याचें धन उरेल. नकलेच्या तयारींतून मात्र, निकाल प्रतिकूल लागल्यास, कांहींच उरत नाहीं.