सवय आणि स्वभाव

'हे पात्र असे वागणारच नाही' असे प्रेक्षक जेव्हा ठासून म्हणतो, तेव्हा तो पात्राच्या स्वभावाविषयी बोलत असतो की स्वतःच्या इच्छेविषयी, हे ओळखणे वाटते तितके सोपे नाही. 'हाऊ आय मेट युअर मदर' या अमेरिकन विनोदी मालिकेच्या शेवटावरून जो वाद झाला, त्यात या दोन्ही गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की, स्वभावसंगतीच्या जुन्या प्रश्नाकडे नव्याने पाहण्यासाठी दुसरे चांगले उदाहरण शोधायला नको.

ही मालिका सीबीएस वाहिनीवर २००५ ते २०१४ या काळात चालली. तिचे २०८ भाग झाले. न्यूयॉर्कमधला वास्तुशिल्पी टेड मोस्बी २०३० साली आपल्या दोन मुलांना त्यांची आई आपल्याला कशी भेटली ती हकीकत सांगतो आहे, अशी तिची मांडणी. पहिल्याच भागात तो रॉबिन नावाच्या वार्ताहर तरुणीच्या प्रेमात पडतो, आणि भाग संपता संपता कळते की ही मुलांची आई नव्हे, 'रॉबिन मावशी' आहे. खरी आई, ट्रेसी, प्रेक्षकांना प्रथम दिसते ती आठव्या पर्वाच्या अखेरीस, २०१३ साली. नववे पर्व जवळजवळ सगळे रॉबिन आणि टेडचा मित्र बार्नी यांच्या लग्नाच्या दोन-तीन दिवसांवर खर्ची पडते. आणि मग ३१ मार्च २०१४ च्या तासाभराच्या अखेरच्या प्रक्षेपणात त्या दोघांचा घटस्फोट होतो, ट्रेसी २०२४ साली आजाराने वारल्याचे कळते, आणि मुलांच्या आग्रहावरून टेड निळा फ्रेंच हॉर्न घेऊन पुन्हा रॉबिनच्या खिडकीखाली उभा राहतो.

प्रेक्षकांचे तट पडले. टेड आणि रॉबिन एकत्र यायलाच हवे होते, असे म्हणणारा एक. बार्नी आणि रॉबिन यांची जोडी मोडून लेखकांनी आपलेच काम पुसले, असे म्हणणारा दुसरा. आणि ट्रेसीचा बळी गेला म्हणून हळहळणारा तिसरा. तिघांच्याही तोंडी शब्द एकच होता : सुसंगती.

बार्नीचा पक्ष आधी पाहू. हा गृहस्थ सुटाबुटात वावरणारा, बायकांना फसवण्याच्या युक्त्या वहीत टिपून ठेवणारा. विनोदी मालिकेला असे पात्र हवेच असते, कारण हसू हे पुष्कळदा सवयीवर उभे असते. तो आता काय बोलणार हे आधीच ठाऊक असण्यात गंमत असते. परंतु सवय म्हणजे स्वभाव नव्हे. पहिल्याच पर्वात दाखवले आहे की, हा मूळचा भाबडा प्रेमिक. प्रेयसी सूट घातलेल्या एका श्रीमंत माणसाबरोबर निघून गेली, आणि त्या दिवसापासून त्याने तो सूट अंगावर चढवला. पुढे सहाव्या पर्वात बाप भेटल्यावर त्याच्या आत काय दुखते आहे, तेही दिसते. म्हणजे सवयीखालचा स्वभाव लेखकांनीच वर्षानुवर्षे उकरून काढला होता. घटस्फोटानंतर तो पुन्हा जुन्या चाळ्यांकडे वळतो, याला विसंगती म्हणता येणार नाही. रॉबिनबरोबर जमले नाही तर कुणाबरोबरच जमणार नाही, हे त्याचे म्हणणे त्याला शोभणारेच आहे. दोष आहे तो प्रमाणात. लग्नाच्या काही तासांना सबंध पर्व, आणि लग्नानंतरच्या सतरा वर्षांना दोन अर्धे तास! माणूस का मोडला हे आपल्याला सांगितले जाते, पण मोडताना तो दिसत नाही. कारण दिले आहे. काळ दिलेला नाही.

टेड आणि रॉबिन यांचे प्रकरण याहून नाजूक आहे. ती दोघे दुसऱ्या पर्वाच्या शेवटी वेगळी झाली ती भांडणामुळे नव्हे. त्याला घरसंसार आणि मुले हवी होती. तिला मुले नको होती, देशोदेशी हिंडायचे होते. हा खऱ्या माणसांतला खरा अडसर आहे. पुढे आपल्याला मूल होणेच शक्य नाही हे कळल्यावर रॉबिन जी हलून जाते, त्यामुळे या पात्राला मालिकेत दुर्मिळ अशी खोली आली. आता शेवट पाहा. अडसर दूर झाला का? नाही; तो टाळला गेला. मुले ट्रेसीने दिली आणि ती गेली. मग वाट मोकळी. इथे हळहळणाऱ्यांचा पक्ष बळकट ठरतो, कारण जिचे नाव मालिकेच्या कपाळावर आहे, तिचे काम दुसऱ्या दोघांची अडचण सोडवण्यापुरते उरते. शिवाय नवव्या पर्वात समुद्रकिनाऱ्यावर टेड रॉबिनचा हात सोडतो आणि ती फुग्यासारखी आकाशात निघून जाते, असे दृश्य लेखकांनी मन लावून रचले होते. त्या त्यागाची किंमत शेवटाने शून्य केली.

समर्थकांचे उत्तर मात्र हुशारीचे आहे. मुलगी बापाला म्हणते की, या गोष्टीत आई फारशी नाहीच. ही सगळी रॉबिन मावशीची गोष्ट आहे. म्हणजे सांगणारा स्वतःलाच फसवत होता, आणि सारी हकीकत हा परवानगी मागण्याचा आडवळणी प्रकार होता. कल्पना म्हणून हे सुंदर आहे. पण मुलांचा तो प्रसंग कलावंत वयाने मोठे होण्याआधी, दुसऱ्या पर्वाच्या वेळीच चित्रित करून ठेवला होता. कल्पना जागच्या जागी राहिली. माणसे मात्र पुढे सात वर्षे वाढत गेली. लेखक आपल्या आराखड्याशी प्रामाणिक राहिले, पण आपणच वाढवलेल्या माणसांशी त्यांना तसे राहता आले नाही.

याचा पुरावा त्यांनीच दिला. २०१४ सालीच डीव्हीडीवर दुसरा शेवट आला. त्यात ट्रेसी मरत नाही. रेल्वेच्या फलाटावर, पिवळ्या छत्रीपाशी, टेडची आणि तिची भेट होते आणि गोष्ट तिथेच थांबते. डिकन्सनेही 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा मूळ शेवट मित्राच्या सल्ल्यावरून बदलला होता, आणि कोणता खरा याचा वाद अजून चालतो. पण तिथे दोन्ही शेवट त्याच पिपचे आहेत. इथे काही मिनिटांची कापाकापी केली की एक बाई जिवंत होते आणि कुठेही टाका उसवल्यासारखे दिसत नाही! जो मृत्यू इतक्या सहज काढून टाकता येतो, तो कलाकृतीच्या देहाचा भाग कधी झालाच नव्हता.

मग प्रेक्षकांचे खरे म्हणायचे का? आपल्या आवडत्या जोडीचे लग्न झाले म्हणजे सुसंगती, हा त्यांचा हट्ट टीकेने मानू नये. पात्रे कोणाच्या मालकीची नसतात. परंतु नऊ वर्षे दर आठवड्याला एखाद्या माणसाची संगत केल्यावर, 'मधली वर्षे हिशेबात धरा' एवढे म्हणण्याचा हक्क त्यांना निश्चित पोचतो. माणसाने बदलू नये असे सुसंगती सांगत नाही. तो बदलला तर त्याच्या मागच्या आयुष्याची त्याला जाणीव असावी, इतकेच तिचे मागणे आहे. खिडकीखाली उभ्या असलेल्या टेडच्या हातात हॉर्न पहिल्या भागातलाच आहे. त्याच्या चेहऱ्यावर मधली पंचवीस वर्षे मात्र शोधूनही सापडत नाहीत.