वाढ आणि गुण : औषधी वनस्पतींवरील संप्रेरक-प्रयोगांचे परीक्षण

औषधी वनस्पतींवर संप्रेरकांची फवारणी करून सिद्ध केलेल्या प्रबंधांत एक ठरावीक कोष्टक आढळते : रोपाची उंची, पानांची संख्या, ओला भार. त्याखाली निष्कर्ष असतो की, अमुक प्रमाणातील जिबरेलिन ‘लाभदायक’ ठरले. लाभ कोणाला, हा प्रश्न बहुधा अनुत्तरितच राहतो.

जिबरेलिनाचा पूर्वेतिहासच ह्या बाबतीत सावध करणारा आहे. १९२६ साली फोर्मोसा बेटावर कुरोसावा ह्या जपानी शास्त्रज्ञाने भाताच्या ‘बाकानाए’ रोगाचे कारण बुरशीच्या स्रावात असल्याचे दाखविले. ती रोगट रोपे निरोगी रोपांहून उंच होत. पण फिकट, लुळी आणि दाण्याच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी. ज्या द्रव्याची पहिली ओळख अशी झाली, त्याचे यश केवळ उंचीने मोजावे, हे चमत्कारिक खरेच.

धोत्र्याचे उदाहरण ह्या संदर्भात फार बोलके आहे. त्यातील हायोसायमीन व स्कोपोलॅमीन ही अल्कलॉइडे मुख्यतः मुळांत तयार होऊन पानांकडे जातात. धोत्र्याच्या खुंटावर टोमॅटोचे कलम केल्यास टोमॅटोच्या पानांतही ती सापडतात. जिबरेलिनाने ताणले जाते ते खोड. मुळाची वाढ त्या मानाने होत नाही. त्यामुळे फवारलेला धोत्रा उंच झाला तरी त्यातील अल्कलॉइडांचे प्रमाण घटल्याचे अनेक प्रयोगांत आढळले, ह्यात नवल नाही.

परंतु ‘प्रमाण घटले’ एवढेही पुरेसे नाही. समजा, एका रोपाचा शुष्कभार १० ग्रॅम व अल्कलॉइड ०.३० टक्के आहे. म्हणजे ३० मिलिग्रॅम. फवारणीनंतर शुष्कभार १४ ग्रॅम व अल्कलॉइड ०.२४ टक्के झाले, तर एकूण ३३.६ मिलिग्रॅम मिळतील. अर्क काढणाऱ्या कारखान्याला हा फायदा आहे. मोजून चूर्ण देणाऱ्या वैद्याच्या रोग्याला मात्र प्रत्येक मात्रेत पाचव्या हिश्शाने कमी औषध मिळते. बाजारात वनस्पती वजनावर विकली जाते, त्यामुळे शेतकऱ्याला ह्या तोट्याचा पत्ताही लागत नाही. टक्केवारी व एकूण उत्पन्न ही दोन्ही न देणारा प्रबंध म्हणूनच अपुरा समजला पाहिजे.

उलट टोकाचे उदाहरण जॅस्मोनेटांचे. टॅक्सस वृक्षाच्या पेशीसंवर्धनात मेथिल जॅस्मोनेटाने टॅक्सॉलचे उत्पादन पुष्कळ वाढते, हे १९९६ साली प्रसिद्ध झाले. पण हीच द्रव्ये वनस्पतींची वाढ खुंटवितात. उंचीच्या कोष्टकात असा उपचार अपयशी म्हणूनच नोंदला जाईल.

आणखी एक उणीव दिसायला क्षुल्लक आहे. जिबरेलिक आम्ल पाण्यात अल्पच विरघळत असल्याने ते प्रथम थोड्या अल्कोहोलात विरघळवितात. तुलनेसाठी ठेवलेल्या रोपांवरही तेवढेच अल्कोहोल मिसळलेले पाणी फवारले पाहिजे. कित्येक प्रबंधांत ‘साधे पाणी’ एवढीच नोंद असते. मग दिसलेल्या फरकातला किती भाग संप्रेरकाचा, हे वाचकाला ठरविता येत नाही.