'ब्रह्मचारी' (१९३८) : एका हलक्या चित्रपटाचे मूल्यमापन

(१)

मराठीत 'हलका' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. जे वजनाने कमी ते हलके, आणि जे प्रतीने कमी तेही हलकेच. व्यवहारात या दोन अर्थांची गल्लत सहसा होत नाही. टीकेत मात्र ती वारंवार होते. एखादी कृती वजनाने हलकी आहे, असे म्हणता म्हणता ती प्रतीनेही हलकी आहे असा निष्कर्ष केव्हा काढला गेला, हे टीकाकाराच्याही ध्यानात येत नाही. त्या कृतीविषयी ज्यांना ममत्व वाटते तेही या गल्लतीतून सुटलेले नसतात. कृतीच्या पोटात कोठेतरी गंभीर हेतू दडलेला आहे, असे दाखवून ते तिची प्रत राखू पाहतात. म्हणजे हलकेपणा हा दोषच आहे, हे आक्षेपकांचे गृहीत तेही मान्य करून बसतात.

मराठी चित्रपटाच्या इतिहासात या गल्लतीचे ठळक उदाहरण म्हणजे हंस पिक्चर्सचा 'ब्रह्मचारी' हा १९३८ सालचा चित्रपट होय. प्रेक्षकांनी त्यास डोक्यावर घेतले, नीतिरक्षकांनी त्याच्या नावाने बोटे मोडली, आणि पुढील काळातील अभ्यासकांनी त्यास उपहासप्रधान चित्रपटांत मानाचे स्थान दिले. या तीन प्रकारच्या स्वागतांचा परस्परांशी काय संबंध आहे, आणि त्यांपैकी कोणते चित्रपटाच्या स्वरूपास धरून आहे, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

(२)

हंस पिक्चर्स ही संस्था १९३६ मध्ये कोल्हापुरात उभी राहिली. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायाचित्रकार पांडुरंग नाईक हे तिचे आधारस्तंभ. या संस्थेला दोन अगदी भिन्न प्रकृतींच्या लेखकांचा लाभ झाला. 'छाया' (१९३६) व 'ज्वाला' (१९३८) हे चित्रपट वि. स. खांडेकरांचे, तर 'धर्मवीर' व 'प्रेमवीर' (दोन्ही १९३७), 'ब्रह्मचारी' आणि त्यानंतर 'ब्रँडीची बाटली' (१९३९) हे प्रल्हाद केशव अत्र्यांचे. एकाच दिग्दर्शकाने एका वर्षी गंभीर व दुसऱ्या वर्षी विनोदी चित्रपट द्यावा, आणि १९३८ मध्ये तर दोन्ही द्यावेत, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. विनायकांना गांभीर्य साधत नव्हते म्हणून ते विनोदाकडे वळले, असे म्हणण्यास जागा राहत नाही.

'ब्रह्मचारी'चे कथानक थोडक्यात असे. औदुंबर (मास्टर विनायक) हा चारचौघांसारखा तरुण देशभक्त जटाशंकरांचे ब्रह्मचर्यावरील व्याख्यान ऐकतो आणि भारावून जातो. सिनेनटींच्या चित्रांचा आजवर जपलेला संग्रह तो फेकून देतो, व्यायामाची साधने विकत आणतो आणि आचार्य चंडीराम यांच्या संस्थेत दाखल होतो. पुढे किशोरी (मीनाक्षी शिरोडकर) त्याच्या आयुष्यात येते, आणि प्रतिज्ञेची परीक्षा सुरू होते. या परीक्षेचा कळस म्हणजे जलक्रीडेचे गीत. पोहण्याच्या पोशाखातील किशोरी पाण्यातून औदुंबरास साद घालते. गीत अत्र्यांचे, संगीत दादा चांदेकरांचे. हेच गीत अतोनात लोकप्रिय झाले आणि त्यावरच गहजब उडाला. हा चित्रपट मराठीप्रमाणे हिंदीतही काढण्यात आला होता.

त्या गहजबामागील काळ ध्यानात घेतला पाहिजे. 'संत तुकाराम' (१९३६) व 'कुंकू' (१९३७) या प्रभातच्या चित्रपटांनी मराठी बोलपटाला प्रतिष्ठा मिळवून दिली होती. सुशिक्षित कुटुंबांनी सहकुटुंब चित्रपटास जावे, ही गोष्ट नुकती कोठे अंगवळणी पडत होती. दुसरीकडे र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून कामविषयक अज्ञानावर आणि ब्रह्मचर्याच्या अवास्तव स्तोमावर प्रहार करीत होते, आणि त्यापायी त्यांना अश्लीलतेच्या खटल्यांस तोंड द्यावे लागले होते. कर्व्यांनी तर्काने जे मांडले, त्याच्याच आसपासचे काही अत्र्यांनी हसत हसत मांडले. कर्व्यांच्या मासिकाला मोजके वर्गणीदार. अत्र्यांच्या चित्रपटाला मात्र अफाट गर्दी. आक्षेपकांना अस्वस्थ करणारी गोष्ट केवळ पोशाखाची नसावी. हशा पिकतो आहे आणि त्या हशात आपलीच मुलेबाळे सामील आहेत, हीही असावी.

(३)

या चित्रपटाची बाजू घेणाऱ्यांचा नेहमीचा युक्तिवाद असा असतो : चित्रपटाचा गाभा म्हणजे ढोंगी देशभक्तीचा व शरीरसाधनेच्या अतिरेकी संप्रदायांचा उपहास, जलक्रीडेचे गीत हे गल्ल्यासाठी लावलेले ठिगळ. काही अभ्यासकांनी या उपहासाचा रोख तत्कालीन हिंदू राष्ट्रवादी संघटनांकडे असल्याचे म्हटले आहे, आणि त्यायोगे चित्रपटाचे वजन वाढविले आहे. आक्षेपकही गीत ठिगळच मानतात. त्यांच्या मते फक्त ते घाणेरडे आहे. दोन्ही पक्षांचे एका मुद्द्यावर एकमत आहे : गीत काढून टाकले तर चित्रपट अधिक चांगला होईल.

प्रस्तुत लेखकास हे मत ग्राह्य वाटत नाही. उपहासाचे काम ज्या ठिकाणी पूर्ण होते ते ठिकाण म्हणजे हेच गीत. व्याख्यानाने आलेल्या वैराग्याला प्रतिव्याख्यानाने उत्तर दिले असते, तर एका उपदेशाच्या जागी दुसरा उपदेश आला असता. अत्र्यांनी तसे केले नाही. त्यांनी उत्तर दिले ते पाण्याने, सुरांनी आणि एका तरुणीच्या निःसंकोच वागण्याने. शिवाय हे गीत आकाशातून पडलेले नाही. यमुना आणि कृष्ण यांचा जो संकेत गौळणींतून शतकानुशतके चालत आला आहे, त्याच संकेताचा आधार ते घेते. मात्र त्यात एक मार्मिक उलटापालट आहे. गौळणींत लाजावयाचे ते गोपींनी आणि खोडी काढावयाची ती कृष्णाने. येथे खोडी काढते किशोरी, आणि लाजतो तो कन्हैया. जी लाज आजवर स्त्रीचे भूषण म्हणून वाखाणली गेली, ती एका पुरुषाच्या अंगावर घातली की कशी दिसते, हे गीत दाखविते. तक्रार करणाऱ्यांना हा विनोद कळला नाही, असे नव्हे. कदाचित तो फार चांगला कळला.

मराठी रंगभूमीच्या प्रेक्षकाला वैराग्य व शृंगार यांची ही जोडी नवी नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्र' (१८८२) नाटकात अर्जुन यतीचा वेष घेतो तो सुभद्रेसाठीच. तेथे भगवी वस्त्रे हे सोंग आहे आणि ते सोंग असल्याचे अर्जुनास पुरते ठाऊक आहे. औदुंबराची गंमत अशी की सोंग तोही घेतो, पण ते सोंग आहे हे त्यालाच ठाऊक नाही. अर्जुन लोकांना फसवितो. औदुंबर स्वतःला फसवितो. 'सौभद्रा'पासून 'ब्रह्मचारी'पर्यंत झालेली ही वाटचाल विनोदाच्या दृष्टीने लहान नाही. अत्र्यांनीही या विषयास प्रथमच हात घातला नव्हता. त्यांच्या 'साष्टांग नमस्कार' (१९३३) या नाटकात सूर्यनमस्काराच्या वेडाची खिल्ली होतीच. परंतु तेथे वेड आहे ते वडीलधाऱ्या माणसाचे; येथे वेड लागले आहे ते तरुणालाच, आणि म्हणून उपचारही वेगळा.

(४)

येथे एका आक्षेपाचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. प्रस्तुत लेखक ज्या परिसरातून हे लिहीत आहे ते जळकोट, तुळजापूर तालुक्यात, सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गच्या पुढे वसलेले गाव. आज ते धाराशिव जिल्ह्यात आहे. चित्रपट निघाला त्या वर्षी हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या भागात कुस्तीची आवड जुनी आहे. तालमीतल्या मुलाला लंगोटाचा नेम सांगितला जातो, मारुतीपुढे नारळ फोडला जातो, आणि ब्रह्मचर्य हा शब्द तेथे थट्टेने उच्चारला जात नाही. अशा मुलाने हा चित्रपट पाहिला तर आपलीच टवाळी चालली आहे असे त्याला वाटणार नाही काय?

उत्तर चित्रपटातच आहे. पहिलवानाचा नेम हा त्याच्या कसबाचा भाग असतो. तो वस्तादाच्या नजरेखाली, पहाटेच्या मेहनतीतून येतो, आणि त्याची मुदतही बहुधा आखाड्यापुरती असते. पहिलवान लग्न करतात, संसार करतात. औदुंबराचे ब्रह्मचर्य एका सभेत मिळालेले आहे. व्यायामाची साधने तो दुकानातून आणतो, आणि भिंतीवरील नटींची जागा त्या साधनांना देतो. एक हौस गेली, दुसरी आली. अत्रे हसतात ते या अदलाबदलीला. खासबागेसारखे कुस्तीचे मैदान १९१२ पासून ज्या नगरीत आहे, त्या कोल्हापुरात हा चित्रपट तयार झाला, हेही विसरून चालणार नाही. खऱ्या तालमीची ओळख असलेल्या गावालाच नकली तालमीची गंमत अधिक कळते.

(५)

ज्या वर्षी 'ब्रह्मचारी' आला त्याच वर्षी अमेरिकेत हॉवर्ड हॉक्स यांचा 'ब्रिंगिंग अप बेबी' प्रदर्शित झाला. या दोहोंत देवाणघेवाण झाली असे सुचविण्याचा हेतू नाही. परंतु साम्य उद्बोधक आहे. तेथील नायक (केरी ग्रँट) हा प्राचीन प्राण्यांच्या अवशेषांचा अभ्यासक. एका महाकाय सांगाड्याचे शेवटचे हाड मिळाले की त्याची तपश्चर्या पूर्ण व्हावयाची. इतक्यात एक मनस्वी तरुणी (कॅथरिन हेपबर्न) बिबट्यासह त्याच्या आयुष्यात शिरते, आणि अखेरीस तो सांगाडा कोसळतो. तपस्वी, तपोभंग करणारी तरुणी, आणि कोसळणारी साधना : विश्वामित्र-मेनकेच्या कथेवर वाढलेल्या वाचकाला येथे परके असे काहीच वाटू नये.

त्या चित्रपटाचे स्वागतही संमिश्रच झाले. काही समीक्षकांना तो आवडला, 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या समीक्षकाने त्याची हेटाळणी केली, आणि धंद्याच्या दृष्टीने तो निराशाजनक ठरला. त्याच वर्षी चित्रपटगृहचालकांच्या एका संघटनेने हेपबर्नची गणना गल्ल्याला मारक अशा नटनट्यांत केली. पुढे मात्र काळ बदलला. १९७२ मध्ये पीटर बोगदानोविच यांनी त्यास मानवंदना देणारा चित्रपट काढला, आणि १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-सूचीत त्याचा समावेश झाला. ही पुनःप्रतिष्ठा त्यास लाभली ती त्यात कोणी गंभीर संदेश शोधून काढला म्हणून नव्हे. त्याची गती, त्यातील संवादांची चकमक आणि नायिकेचे बेफाम स्वातंत्र्य हेच त्याचे मोल आहे, असे पुढील टीकेने ओळखले. हलकेपणा हाच गुण म्हणून तेथे मोजला गेला. आपल्याकडे 'ब्रह्मचारी'ची पुनःप्रतिष्ठा झाली ती उपहासाच्या आधारे, म्हणजे वजन दाखवून. दोन टीकापरंपरांमधील हा फरक विचार करण्याजोगा आहे.

(६)

याचा अर्थ 'ब्रह्मचारी' निर्दोष आहे असा नव्हे. वरील तुलनेतच त्याची उणीवही उघड होते. हेपबर्नने रंगविलेली तरुणी गोंधळ घालते तो स्वतःच्या लहरीने. तिला स्वतःचे जग आहे, स्वतःचे हट्ट आहेत. किशोरीच्या खोडकरपणाला तसा पैस नाही. प्रतिज्ञा औदुंबराची, मोह औदुंबराचा, शहाणपण आले तेही औदुंबराला. किशोरी ही त्या शहाणपणाचे निमित्त. गीतात ती लाजेची उलटापालट करते खरी, पण ती उलटापालट ज्याच्या डोळ्यांसाठी आहे तो प्रेक्षक पुरुषच कल्पिलेला आहे. ब्रह्मचर्याच्या संप्रदायाने स्त्रीला मोहरूप मानले. चित्रपटाने तो मोह गोड ठरविला, परंतु तिला मोहरूपच ठेवले. अत्र्यांच्या विनोदाची धाव येथे संपते.

या मर्यादेची किंमत लेखकाने दिली नाही, दिग्दर्शकानेही दिली नाही. अत्रे पुढे 'श्यामची आई' (१९५३) काढून राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचे मानकरी झाले, आणि 'ब्रह्मचारी' हा त्यांच्या चरित्रातील एक खेळकर अध्याय ठरला. मीनाक्षी शिरोडकर यांच्या वाट्याला मात्र तो एकच अध्याय आला. त्या गायिका होत्या, 'ब्रँडीची बाटली' व 'अर्धांगी' (१९४०) यांत त्यांनी विनायकांबरोबर कामे केली, रंगभूमीवरही त्या वावरल्या. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. तरीही त्यांचा उल्लेख आला की प्रथम आठवतो तो पोशाख. संमिश्र स्वागतातील स्तुती चित्रपटाला मिळाली आणि निंदा नटीला, अशी ही वाटणी आहे. पोशाखाची निंदा करणारे आणि त्याचेच कौतुक करणारे, दोघेही त्या प्रसंगातील अभिनयाकडे व गायनाकडे पाहत नाहीत. विनायकांचा बावरलेला चेहरा हसू आणतो, कारण समोरून येणारी साद सहज आणि निर्मळ आहे. ती जराही लाडिक वा कृत्रिम झाली असती, तर प्रसंग ओंगळ झाला असता. तो तोल त्या नटीने सांभाळला आहे.

(७)

सारांश, 'ब्रह्मचारी'चे यथार्थ मूल्यमापन करावयाचे तर उपहास व गीत असे त्याचे दोन तुकडे करून एकाची पूजा व दुसऱ्याचा धिक्कार करणे सोडून दिले पाहिजे. ज्या गीताने चित्रपट बदनाम झाला त्याच गीतात त्याचा आशय सर्वांत स्वच्छपणे व्यक्त झाला आहे, आणि त्याची मर्यादाही तेथेच दिसते. ही मर्यादा दाखविण्यासाठी त्यास हलका म्हणून हिणविण्याची गरज नाही. तसेच त्याचे गुण दाखविण्यासाठी त्यास भारदस्त ठरविण्याचीही गरज नाही. वजनाने कमी असलेली वस्तू प्रतीने कशी आहे, हा प्रश्न प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे विचारावा लागतो. १९३८ च्या प्रेक्षकांनी तो विचारलाही नाही. ते हसले आणि गीत गुणगुणत घरी गेले. टीकेने तो विचारावयास हवा होता. तिने आता तरी त्या प्रेक्षकांच्या हशाची दखल घ्यावी, आणि घेताना पाण्यातून साद घालणाऱ्या त्या नटीचा वाटा तिच्या पदरी घालावा.