कपाळावरचे नाव

गिटारीचे अंग कसेही असो, तिच्या कपाळावर, म्हणजे खुंट्या बसवलेल्या फळीवर, नाव असतेच. दुकानात शिरणाऱ्याची नजर आधी तिथे जाते, मग किमतीच्या चिठ्ठीकडे वळते. कानाची पाळी सर्वांत शेवटी येते. हा क्रम उलटा का होतो आणि त्यातही काही शहाणपण आहे का, हे तपासण्याचा या लेखाचा हेतू आहे. प्रश्न केवळ हौसेचा नाही. पोटाला चिमटा काढून मुलाला घेतलेली पहिली गिटार बोटांना छळणारी निघाली, की सहा महिन्यांत ती कपाटावर चढते. दोष मात्र मुलाच्या चिकाटीला दिला जातो; वाद्याची चौकशी कोणी करत नाही.

ध्वनिक गिटारीच्या जगातले सर्वांत वजनदार नाव मार्टिन. या नावाचा जन्मच 'वाद्य घडवण्याचा हक्क कोणाचा' या भांडणाशी जोडलेला आहे. जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शेन गावात व्हायोलिन घडवणाऱ्यांच्या संघाचा आग्रह असा, की गिटार घडवण्याचा अधिकार आपलाच. सुतारांनी त्यात पडू नये. क्रिस्टियान फ्रेडरिक मार्टिन सुतारांच्या बाजूचा. १८३३ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि पुढे पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथला स्थिरावला. गिटारीच्या पोटात, वरच्या फळीखाली, फुलीच्या आकारात पट्ट्या बसवण्याची पद्धत १८४० च्या दशकात त्याच्या गिटारींत दिसू लागली. आजच्या पोलादी तारांचा सुमारे ७० किलोंचा ताण पेलूनही फळी थरथरू शकते, ती बव्हंशी या रचनेमुळे. म्हणजे सुरुवातीला नावामागे एक हात होता, एक युक्ती होती. नाव ही त्या हाताची सही होती.

हात आणि लाकूड यांपैकी आवाज कशातून येतो? स्पेनच्या आंतोनिओ दे तोर्रेसने १८६२ मध्ये एक गिटार अशी बनवली, की तिची पाठ आणि कडा कागदाच्या लगद्याच्या पुठ्ठ्याच्या होत्या. वरची फळी तेवढी लाकडाची. त्याला दाखवायचे होते की आवाजाचा मुख्य भार वरच्या फळीवर असतो. १९९५ मध्ये अमेरिकेच्या बॉब टेलर यांनी माल वाहण्याच्या टाकाऊ चौकटींचे लाकूड वापरून गिटार घडवली आणि ती चांगली वाजली. दोन्ही उदाहरणे कारागिरांच्या बाजूने बोलतात. पण कारागीर आपल्याच कसबाची जाहिरात करत असतील, अशी शंका घ्यायला जागा राहते.

त्या शंकेचे निरसन पुढे प्रयोगांनी बरेचसे केले. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच कारागिराने घडवलेल्या सहा गिटारी होत्या. रचना एक, फरक फक्त पाठीच्या आणि कडांच्या लाकडाचा: ब्राझीलची शिसव, भारतीय शिसव, महोगनी, मेपल, सापेली आणि अक्रोड. ५२ वादकांनी त्या न पाहता वाजवल्या. सर्व लाकडांना मिळालेले गुण जवळजवळ सारखे होते. त्याआधी क्लोडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हायोलिनच्या बाबतीत अशीच परीक्षा घेतली होती. पॅरिसजवळ २०१२ मध्ये दहा नामवंत एकलवादकांना सहा जुनी इटालियन आणि सहा नवी व्हायोलिने डोळ्यांवर काळा चष्मा चढवून वाजवायला दिली. दहांपैकी सहा जणांनी नवे वाद्य निवडले.

या निष्कर्षांवरून 'नाव म्हणजे निव्वळ भ्रम' असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. लँकेस्टरच्या प्रयोगात सहाही गिटारी एकाच हातच्या होत्या. त्यामुळे लाकडाची प्रतिष्ठा उणी झाली, कारागिराची नव्हे. उलट, हात तोच असेल तर लाकूड बदलूनही वाद्य टिकते, असाच त्याचा अर्थ लागतो. शिवाय काही तासांची परीक्षा पहिली ओळख सांगते. दहा पावसाळ्यांनंतर मान वाकेल का, घोडीचा डिंक सुटेल का, हे त्यातून कळत नाही.

खरा पेच पुढे आहे. आज नाव हाताची सही उरले आहे का? मार्टिनच्या कपाळावरचे तेच नाव नाझरेथमध्ये अख्ख्या लाकडातून घडलेल्या गिटारीवर असते आणि मेक्सिकोतल्या कारखान्यात दाबलेल्या कागद-राळेच्या पत्र्यापासून केलेल्या स्वस्त गिटारीवरही असते. एपिफोन हे एकेकाळचे गिब्सनचे प्रतिस्पर्धी नाव १९५७ मध्ये गिब्सननेच विकत घेतले. कोरियाच्या कॉर्टसारख्या कंपन्या स्वतःच्या नावाने वाद्ये विकतात आणि इतरांच्या नावानेही बनवून देतात. अशा व्यवस्थेत नाव सांगते ते एवढेच, की तपासणीची एक किमान पातळी ओलांडली गेली आहे आणि उद्या विकायची झाली तर गिऱ्हाईक मिळेल. हे मोल कमी नाही. पण ते नादाचे मोल नव्हे.

नाव काय लपवते, हे गिब्सनच्या इतिहासात अधिक उघड दिसते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मिशिगनमधल्या कलमझूच्या कारखान्यातले पुरुष लढाईवर गेले आणि गिटारी मुख्यतः स्त्रियांनी घडवल्या. त्या काळातल्या अनेक गिटारींच्या कपाळावर कंपनीच्या नावाबरोबर तिची थोरवी गाणारी एक सोनेरी पट्टी आहे. कारागीर स्त्रियांचे नाव कुठेच नाही. युद्धकाळात आपण वाद्ये बनवलीच नाहीत, अशी कंपनीची भूमिका राहिली. जॉन थॉमस यांनी 'कलमझू गॅल्स' या पुस्तकात त्या स्त्रियांचा शोध घेतला. आज संग्राहक याच गिटारींच्या मागे असतात.

आपल्याकडे नावाचा मोह वेगळ्या रूपात दिसतो. गिव्हसन आणि हॉबनर या भारतीय नावांचा उच्चार केला तरी कोणती परदेशी नावे आठवतात, हे सांगायला नको. याउलट मिरजेचा तंबोरा पाहावा. तिथे सतारमेकर घराण्यांची नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. पण गवई नावावर थांबत नाही. तो स्वतःच्या पट्टीत तारा लावतो, जवारी काढून घेतो, नाद खुलेपर्यंत कारागिराला सोडत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तेही एक नावच. फरक इतकाच, की ते कंपनीचे नसून गावाचे आहे आणि त्यामागचे हात अजून भेटू शकतात.

मग गिटार निवडावी कशी? मिरजेच्या गवयासारखी. वरची फळी अख्ख्या लाकडाची की प्लायवूडची, हे नावाआधी विचारावे. मधल्या गोल भोकाच्या कडेला लाकडाचे पदर एकसलग दिसतात की थर, तेही पाहावे. बाराव्या पडद्यावर जाड तार साधारण अडीच मिलिमीटरहून फार उंच असेल तर नवशिक्याची बोटे सोलून निघतात. त्याच पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तार दाबून निघणारा स्वर जुळला पाहिजे. न जुळला तर वाद्य वरच्या भागात बेसूर वाजणार. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून कुठे खरखर येते का, ते ऐकावे. कोकणातल्या दमट हवेत फळी फुगते आणि तारा वर उचलल्या जातात. देशावरच्या उन्हाळ्यात लाकूड आकसून पडद्यांची टोके बोचू लागतात. म्हणून मान सरळ करता येणारी लोखंडी सळई आत आहे ना आणि ती फिरवणारा जाणकार गावात आहे ना, हेही विचारावे. शेवटी दोन-तीन गिटारी दुसऱ्या कोणाला पाठीमागे उभे राहून वाजवायला सांगाव्यात आणि मनाशी क्रम लावावा. तो लागला, की मग नावे वाचावीत.

या परीक्षेत नामवंत वाद्यच पुढे आले तर ते खुशाल घ्यावे. नावावर राग धरणे हीसुद्धा नावाचीच गुलामी. पण स्वस्त, अनाम वाद्य पुढे आले, तर ते घेण्याचे धैर्य गिऱ्हाइकाच्या अंगी हवे. कारण या व्यवहारात पणाला लागतो तो शिकणाऱ्याचा स्वतःच्या कानावरचा विश्वास. पहिल्याच दिवशी 'तुला काय कळतंय, नाव बघ' असे ऐकलेला विद्यार्थी पुढे स्वर लावतानाही दुसऱ्याच्या तोंडाकडेच पाहत राहतो.